मणक्यातलं सिमेंट आणि भुलीचं अॅडमिक्श्चर

सिव्हिलच्या पोराला 'सिमेंट' म्हटलं की डोळ्यासमोर पन्नास किलोचं पोतं येतं, राखाडी धूळ येते आणि व्हायव्हात हमखास विचारला जाणारा 'इनिशियल सेटिंग टाइम किती?' हा प्रश्न येतो. त्यामुळे आजीच्या पाठीच्या मणक्यात सिमेंट भरणार असं घरून कळलं तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की ५३ ग्रेड की ४३ ग्रेड? (हसू नका, खरंच आला.) दुसरा विचार मात्र हसण्यासारखा नव्हता. हे सिमेंट भरताना आजी जागी असणार होती. पालथी झोपवून, फक्त कातडीला आणि हाडाच्या वरच्या आवरणाला भुलीचं इंजेक्शन देऊन.

झालं सगळं व्यवस्थित. आजी दुसऱ्या दिवशी घरी आली. पण तिने नंतर जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. "सुई टोचताना काही नाही रे. पण ते आत भरायला लागले ना, तेव्हा आतून कोणीतरी मणका फुगवतंय असं वाटलं. 'आई गं' म्हणून ओरडले तर डॉक्टर म्हणाले, आजी, पायाची बोटं हलवून दाखवा."

मग मला साधा प्रश्न पडला. आपण काँक्रीटमध्ये रिटार्डर घालतो, प्लास्टिसायझर घालतो. मग त्या सिमेंटमध्येच भुलीचं औषध का घालत नाहीत? सिमेंट जिथे जाईल तिथे भूल जाईल. शोधायला लागलो तेव्हा कळलं की ही कल्पना माझ्या आधी बऱ्याच जणांना सुचली आहे, त्यावर काम झालं आहे आणि ती दिसते तितकी सोपी नाही. तेच या लेखात सांगायचं आहे. मेडिकलवाल्यांनी चुका काढाव्यात, केमिकलवाल्यांनी माफ करावं.

आधी हाडाचं सिमेंट म्हणजे काय ते पाहू. याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोघांचं आपसात काही नातं नाही.

पहिलं पीएमएमए, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. ज्याचं अॅक्रिलिक शीट बनतं तेच. खरं तर याला सिमेंट म्हणणं हा आपल्या धंद्याचा अपमान आहे, कारण यात पाणी नाही आणि हायड्रेशनही नाही. एक पावडर आणि एक द्रव मोनोमर एकत्र केले की काही मिनिटांत पॉलिमरायझेशन होऊन दगड तयार. १९५८ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली या अस्थिशल्यविशारदाने खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात बसवायला हे वापरलं. मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ या दंत-साहित्याच्या तज्ज्ञाने त्याला ते सुचवलं होतं, कारण कवळ्या अॅक्रिलिकच्याच बनत होत्या. म्हणजे दाताचं सामान खुब्यात गेलं. पुढे १९८४ मध्ये फ्रान्सच्या आमिएं शहरात गालिबेर आणि देरामों यांनी एका बाईच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या गाठीमुळे पोकळ झालेल्या जागेत सुईतून हेच सिमेंट सोडलं. तिची वर्षानुवर्षांची वेदना थांबली. १९८७ साली त्यांनी ते छापलं आणि 'व्हर्टिब्रोप्लास्टी' हा शब्द रूढ झाला. आजीवर झाली ती हीच. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, मणका स्वतःच्याच वजनाने दबतो, त्यात सिमेंट भरून त्याला आधार द्यायचा. आपल्या भाषेत, हनीकूम्ब पडलेल्या कॉलमला ग्राउटिंग.

दुसरं कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट. हे मात्र अस्सल आपल्या जातीचं. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि चाओ या दोघांनी ते शोधलं. कॅल्शियम फॉस्फेटची पावडर पाण्यात कालवायची. पावडर विरघळते, द्रावण संपृक्त होतं आणि त्यातून हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे बारीक सुयांसारखे किंवा पापुद्र्यांसारखे स्फटिक बाहेर पडतात. ते एकमेकांत गुंततात आणि लगदा घट्ट होतो. अॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज. त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही आणि हळूहळू त्याच्या जागी खरं हाडही येऊ शकतं. पीएमएमए मात्र जन्मभर प्लॅस्टिकच राहतं.

दोघांचा स्वभावही वेगळा. पीएमएमए जमताना तापतं. प्रयोगशाळेत ते ८० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. मास काँक्रीटमध्ये हीट ऑफ हायड्रेशनची काळजी करणाऱ्यांनी विचार करावा, इथे शेजारी स्पायनल कॉर्ड आहे. कॅल्शियम फॉस्फेट जवळजवळ तापतच नाही. उलट ताकदीत पीएमएमए वरचढ. आयएसओ ५८३३ या मानकाप्रमाणे त्याची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ किमान ७० एमपीए पाहिजे. कॅल्शियम फॉस्फेट साधारण २० ते ६० एमपीएच्या टप्प्यात, आणि टेन्शनमध्ये तर खडूसारखं. अर्थात म्हाताऱ्या मणक्यातलं जाळीदार हाड स्वतःच काही एमपीएचं असतं, त्यामुळे ५३ ग्रेडचा आग्रह इथे गैरलागू.

आता भुलीच्या औषधाकडे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरलं, तिथून स्थानिक भुलीचा इतिहास सुरू होतो. कोकेनचे बाकीचे गुण सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून पर्याय शोधणं सुरू झालं. १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन बनवलं. लुंडक्विस्टने ते स्वतःवर टोचून पाहिलं (आपण प्रोजेक्टसाठी इतकं करणार नाही). १९४८ पासून ते झायलोकेन नावाने बाजारात आलं आणि आज दातवाल्यापासून टाके घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे असतं. त्याच घराण्यातलं बुपिव्हाकेन जास्त वेळ टिकतं, पण रक्तात चुकून थेट गेलं तर हृदयावर वाईट परिणाम करतं. १९७९ पासून भूलतज्ज्ञ या बाबतीत फार सावध असतात. तिसरं रोपिव्हाकेन, त्या मानाने थोडं सौम्य.

ही औषधं काम कशी करतात ते एकदा समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे. वेदनेचा संदेश म्हणजे मज्जातंतूतून पळणारा विजेचा धक्का. तो पळतो सोडियमचे आयन आत शिरल्यामुळे. त्यांच्या दाराला सोडियम चॅनेल म्हणतात. लिडोकेनचा रेणू हे दार आतल्या बाजूने बंद करतो. म्हणजे आधी त्याला तंतूच्या आत जायला पाहिजे. तंतूचं आवरण तेलकट, त्यातून विद्युतभार असलेला रेणू जात नाही. भार नसलेलाच जातो. लिडोकेनचा किती भाग भाररहित असणार ते आजूबाजूच्या पीएचवर ठरतं. त्याचा पीकेए ७.९. शरीराचा पीएच ७.४. फरक अर्ध्याचा, म्हणजे भारित आणि भाररहित यांचं गुणोत्तर दहाचा अर्धा घात, म्हणजे साधारण ३.१६. थोडक्यात सुमारे २४ टक्के रेणू आत शिरायला मोकळे. बुपिव्हाकेनचा पीकेए ८.१, तिथे १७ टक्के. सूज आलेल्या जागी पीएच उतरतो. तो ६.९ धरला तर लिडोकेनचे जेमतेम ९ टक्के. पिकलेल्या दाताला भूल नीट चढत नाही त्याचं एक कारण हेच.

हा हिशेब सिमेंटला लावून बघा. कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटात पुन्हा दोन जाती आहेत. ब्रशाइट सिमेंट आम्लात जमतं. पीएच ४ धरला तर लिडोकेनच्या आठ हजारांत एखादाच रेणू भाररहित. बाकी सगळे मिठाच्या रूपात पाण्यात विरघळलेले. अॅपेटाइट सिमेंट मात्र तटस्थ किंवा अल्कलीच्या बाजूला जमतं, आणि तिथे गंमत होते. भाररहित लिडोकेन पाण्यात फारसं विरघळत नाही, लिटरला चारेक ग्रॅमच. आपण द्रवात लिडोकेन हायड्रोक्लोराइड मिलिलिटरला २० मिलिग्रॅम घातलं (बाजारातलं दोन टक्क्यांचं) आणि सिमेंटने पीएच ९ पर्यंत नेला, तर त्यातलं बरंचसं विरघळलेलं राहूच शकत नाही. ते बाहेर पडतं आणि सिमेंटच्या छिद्रांत बारीक थेंबांच्या रूपात साठून राहतं. ऐकायला बिघाड वाटतो, पण हळूहळू औषध सोडण्याच्या दृष्टीने हा साठाच आहे. पाण्याच्या टाकीसारखा. जसजसं आसपासचं औषध वाहून जाईल तसतसं त्यातून विरघळेल.

हो, पण छिद्रं किती? इथे सिव्हिलवाल्यांना मजा येईल. समजा अल्फा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची १० ग्रॅम पावडर आणि ४ मिली द्रव घेतला. म्हणजे लिक्विड-पावडर रेशो ०.४, आपल्या वॉटर-सिमेंट रेशोसारखाच आणि आकडाही ओळखीचा. पावडरची घनता २.८६ धरली तर तिचं आकारमान ३.५ मिली, द्रव ४, एकूण लगदा साडेसात मिली. आता रासायनिक क्रियेत पाणी किती खर्च होतं? तीन रेणू पावडरीला एक रेणू पाणी. वजनाने ९३० ला १८. म्हणजे १० ग्रॅमला फक्त ०.१९ ग्रॅम! आपलं पोर्टलँड सिमेंट स्वतःच्या वजनाच्या पावभर पाणी कायमचं बांधून घेतं. इथे जवळजवळ सगळं पाणी मोकळंच राहतं. म्हणजे जमलेल्या सिमेंटचा निम्मा भाग म्हणजे पाण्याने भरलेली, एकमेकांना जोडलेली सूक्ष्म छिद्रं. साईटवर असं काँक्रीट निघालं तर कॉन्ट्रॅक्टरचं बिल अडकेल. औषध सोडायला मात्र हेच हवं. त्या पाण्यात लिडोकेन असणार आणि ते डिफ्यूजनने बाहेर पडत राहणार.

पीएमएमएमध्ये हे जमत नाही. ते घट्ट प्लॅस्टिक. त्यात घातलेलं औषध फक्त पृष्ठभागाजवळचं आणि हवेच्या बुडबुड्यांलगतचं बाहेर येतं, बाकी कायमचं गाडलं जातं. १९७० च्या सुमारास हॅम्बर्गमध्ये बुखहोल्त्स यांनी पीएमएमएमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळायला सुरुवात केली आणि आज ती पद्धत जगभर आहे. म्हणजे 'सिमेंटमध्ये औषध' ही कल्पना पन्नास वर्षं जुनी. पण तिथे पहिला धडाही मिळाला. पावडरच्या रूपात थोडं औषध चालतं. तेच द्रवाच्या रूपात ओतलं तर ताकद जवळजवळ निम्मी होते. बॅचिंग प्लँटवर कोणी गुपचूप जास्तीचं पाणी ओततो, तशातला प्रकार.

कॅल्शियम फॉस्फेटमध्ये दुसरा धोका. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक कॅल्शियमला घट्ट धरून बसतं (लहानपणी ते घेतलेल्यांचे दात पिवळे होतात ते त्यामुळेच). ते या सिमेंटात घातलं की स्फटिक वाढायलाच अडथळा येतो आणि सिमेंट धड जमत नाही. लिडोकेनची कॅल्शियमशी अशी दोस्ती नाही, ही जमेची बाजू. तरी ते मीठ आहे, पीएच आणि आयनांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे सेटिंग टाइम हलणारच. किती हलतो ते दर पावडरीला वेगळं आणि मोजूनच ठरवायचं. मोजायचं उपकरण आपल्या व्हिकॅट सुईचं भावंड, गिलमोर सुया. एक पाव पौंडाची, २.१२ मिमी व्यासाची. दुसरी एक पौंडाची, १.०६ मिमीची. पहिलीचा ठसा उमटेनासा झाला की इनिशियल, दुसरीचा उमटेनासा झाला की फायनल. गणित केलं तर पहिली सुमारे ०.३ एमपीए दाब देते आणि दुसरी ५ एमपीए. म्हणजे 'फायनल सेटिंग' याचा खरा अर्थ लगद्याला पाच एमपीएची ताकद आली, एवढाच. व्हायव्हात हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता 'इंजेक्टेबल' या शब्दाकडे. लगदा १०-१५ सेंटिमीटर लांब, दोन-अडीच मिमी आतला व्यास असलेल्या सुईतून ढकलायचा आहे. दाब त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे सुई निम्मी बारीक केली की सोळा पट जोर. हे फ्लुइडच्या पेपरात सगळ्यांनी लिहिलं आहे. खरी अडचण मात्र तिथे नाही. कॅल्शियम फॉस्फेटचा लगदा दाबला की पाणी पुढे पळतं आणि पावडर मागे सिरिंजमध्येच दाबून बसते. याला फिल्टर प्रेसिंग म्हणतात. घरी श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, पाणी निथळतं आणि चक्का राहतो, तसंच. आता यात भूल मिसळलेली आहे हे लक्षात घ्या. औषध आहे पाण्यात. पाणी पुढे आणि पावडर मागे, म्हणजे सुरुवातीला रुग्णाच्या हाडात औषधाचा जवळजवळ निव्वळ द्रव जाणार आणि शेवटी कोरडा चक्का सिरिंजमध्ये अडकणार. डोसचा सगळा हिशेब कोलमडला. म्हणून अशा सिमेंटात लगदा एकजीव ठेवणारं एखादं चिकट द्रव्य घालावं लागतं. चकलीच्या पिठात मोहन आणि पाणी बरोबर जमलं तर सोऱ्यातून काटेरी चकली पडते, नाहीतर तुकडे. प्रकार तोच.

डोसचं बोललो तर ते करूनच टाकू. वरच्या उदाहरणात ४ मिली द्रवात ८० मिलिग्रॅम लिडोकेन. लगदा साडेसात मिली. एका मणक्यात साधारण ३ ते ५ मिली जातो. ५ धरला तर ५३ मिलिग्रॅम. कातडीखाली टोचायची मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या आजीला २२५. मग काळजीचं कारणच नाही, असं मला वाटलं आणि मी खूश झालो. पण ही तुलनाच चुकीची आहे. कातडीखालचं औषध हळूहळू रक्तात जातं. मणक्याचं हाड म्हणजे आतून स्पंज, थेट शिरांना जोडलेला. इमर्जन्सीत शीर सापडली नाही तर हाडात सुई घालून सलाइन लावतात, इतकं ते शिरेच्या जवळचं. म्हणून तुलना शिरेतल्या डोसशी करायला हवी. हृदयाचे अनियमित ठोके थांबवायला लिडोकेन शिरेतून देतात ते किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम. ५० किलोला ५० ते ७५. आपले ५३ बरोबर त्या पट्ट्यात बसतात. म्हणजे धोका नाही असं नाही, पण सांभाळता येण्यासारखा. हाडातून सलाइन देताना जाग्या माणसाला दुखू नये म्हणून आधी सावकाश ४० मिलिग्रॅम लिडोकेन त्याच सुईतून देतात, हा आणखी एक आधार. तीन मणके एकाच वेळी भरायचे असतील तर मात्र गणित पुन्हा मांडायचं. आणि लिडोकेनऐवजी बुपिव्हाकेन असेल तर १९७९ चा धडा आठवायचा.

मग इतकं करण्यापेक्षा सिमेंट सोडण्याआधी त्याच सुईतून लिडोकेन का देऊ नये? देतात. फ्रान्समध्ये २००२ साली असा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि प्रक्रियेच्या वेळची वेदना त्याने चांगली आटोक्यात राहते असं दिसलं. प्रश्न नंतरचा उरतो. लिडोकेन रक्तात शिरलं की दीड-दोन तासांत निम्मं होतं. हाड दुखतं दोन-तीन दिवस. सिमेंटमधली भूल उपयोगी ठरायची तर ती इथे. डिफ्यूजनने औषध निघतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, १९६१ चं हिगुची समीकरण. समजा पहिल्या तासात २० टक्के निघालं, तर चार तासांत ४० आणि नऊ तासांत ६०. म्हणजे सुरुवातीला भरपूर, मग चिमूटचिमूट. दुखण्याचा आलेखही साधारण असाच उतरता असतो, हा योगायोग सोयीचा. फ्रान्समधल्याच नांतच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बुपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन घातलेलं कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट उंदरांच्या हाडात भरून पाहिलं. उंदराला 'दुखतंय का' विचारता येत नाही, म्हणून त्यांनी त्याची चाल मोजली. पाऊल किती वेळ टेकतो, कोणता पाय उचलून धरतो, असं. मला ही पद्धत फार आवडली. आजीचीही चाल मोजली असती तर 'बरी आहे' या तिच्या उत्तरापेक्षा जास्त कळलं असतं.

इथवर वाचून वाटेल की करून टाका एकदाचं. पण खरा गुंता आता येतो, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

२००९ साली व्हर्टिब्रोप्लास्टीवर दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक ऑस्ट्रेलियातला, ७८ रुग्णांचा. दुसरा अमेरिकेतून चालवलेला, १३१ रुग्णांचा. निम्म्या रुग्णांच्या मणक्यात खरं सिमेंट, निम्म्यांवर नाटक. नाटक म्हणजे किती पक्कं? खोलीत मोनोमरचा वास पसरेल याची काळजी घेतली, म्हणजे पालथ्या झोपलेल्या रुग्णाला सिमेंट कालवलंय असं वाटावं. ऑस्ट्रेलियात तर मणक्यावर हलकेच ठोकलंही. निकाल? महिन्याभराने दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गट सुधारले. जगभर खळबळ उडाली.

टीकाकारांनी बोट ठेवलं ते नाटकातल्या एका तपशिलावर. खोट्या प्रक्रियेतही हाडाच्या आवरणापर्यंत भुलीचं औषध दिलं होतं. मग ते नाटक कसलं, तो तर एक उपचारच झाला! पुढे २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात १२० रुग्णांवर व्हेपर नावाचा अभ्यास झाला. त्यात खोट्या गटाला मुद्दाम फक्त कातडीखाली भूल दिली, आणि रुग्ण घेतले ते मणका दबून सहा आठवड्यांच्या आतले, खूप दुखणारे. चौदाव्या दिवशी वेदना चांगली उतरलेले रुग्ण सिमेंटच्या गटात ४४ टक्के, दुसऱ्यात २१. मग २०१८ मध्ये नेदरलँड्समधला १८० रुग्णांचा अभ्यास आला. तिथे खोट्या गटात पुन्हा हाडापर्यंत भूल, आणि पुन्हा फरक नाही.

आता बघा. भूल हाडापर्यंत दिली की सिमेंटचा फायदा दिसत नाही. कातडीपुरती दिली की दिसतो. एवढ्यावरून 'भूलच काम करते' असं म्हणता येत नाही, कारण रुग्णांची निवडही वेगवेगळी होती, आणि काही तासांची भूल महिनाभर कशी टिकेल हेही कोणी नीट सांगितलेलं नाही. पण आपल्या प्रश्नाला याने वेगळंच वळण लागतं. सिमेंटमध्ये भूल मिसळून रुग्णाला बरं वाटलं, तर श्रेय कोणाला द्यायचं? एकाच क्यूबमध्ये दोन अॅडमिक्श्चर एकदम बदलले आणि स्ट्रेंथ वाढली, तर सर आपल्याला काय विचारतील? तेच इथे विचारावं लागेल. निदान तीन गट हवेत, नुसतं सिमेंट, भूलवालं सिमेंट आणि सिमेंटशिवाय हाडापर्यंत भूल. आणि दुखणं पहिल्या चार तासांत, चोवीस तासांत आणि महिन्याने असं वेगवेगळं विचारायला हवं, कारण भुलीकडून अपेक्षा पहिल्या दोन दिवसांची आणि सिमेंटकडून पुढची.

दुसरी गोष्ट आजीच्या 'पायाची बोटं हलवा'ची. डॉक्टर ते दिलासा द्यायला म्हणत नव्हते. सिमेंट मणक्याच्या मागच्या बाजूने निसटलं तर ते मज्जारज्जूवर किंवा पायाकडे जाणाऱ्या नसेवर जातं. एक्सरेच्या पडद्यावर ते पाहतच असतात, पण रुग्ण जागा असला तर तोच सगळ्यात चांगला सेन्सर. पायात कळ गेली की तो ओरडतो आणि हात थांबतो. आता निसटलेल्या सिमेंटात भूल असेल तर? नस दबतेय पण कळ नाही. किंवा नंतर पाय जड पडला तर तो भुलीने की दाबाने? भुलीने असेल तर काही तास वाट पाहायची, दाबाने असेल तर ताबडतोब शस्त्रक्रिया करायची. दोन्हीत चूक महाग. आपण बॉयलरचा अलार्म कर्कश वाटतो म्हणून त्याच्यावर कापड गुंडाळत नाही. माझं स्वतःचं मत असं, की पाठीच्या मणक्यापेक्षा हे सिमेंट आधी दुसरीकडे वापरावं. कंबरेच्या हाडातून ग्राफ्ट काढतात ती जागा पुढे बराच काळ दुखते. मनगटाचं किंवा गुडघ्याखालचं हाड मोडून पोकळी पडते. तिथे शेजारी मज्जारज्जू नाही आणि कॅल्शियम फॉस्फेटची ताकदही पुरते.

भूल जास्त दिवस टिकवायची हावही बरी नाही. खांद्याच्या सांध्यात पंप लावून दिवसचे दिवस ही औषधं सोडल्यावर काही रुग्णांची कूर्चा झिजून गेली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. पेशींना ही औषधं जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात मानवत नाहीत. हाड बांधणाऱ्या पेशींच्या मांडीवर औषधाची टाकी बसवताना एवढं ध्यानात ठेवायला हवं.

आणि परवानग्यांचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक सत्यकथा. अमेरिकेत २००२ ते २००४ च्या दरम्यान एका कंपनीने आपलं कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट मणक्यात वापरायची मंजुरी नसताना डॉक्टरांकरवी वापरून पाहिलं. रक्तात मिसळलं तर त्याने गुठळ्या होऊ शकतात अशी शंका आधीच्या चाचण्यांत आली होती. तीन रुग्ण टेबलावरच दगावले. २०११ मध्ये कंपनीच्या चार अधिकाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं. यात भुलीचं औषध नव्हतं, नुसतं सिमेंट होतं. त्यात आणखी एक घटक वाढवायचा म्हणजे चाचण्यांचा डोंगर पुन्हा पहिल्यापासून चढायचा.

हा लेख लिहून झाल्यावर सुट्टीत आजीला सगळं समजावून सांगितलं, चक्का आणि सोऱ्यासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "ते भुलीचं करा तुम्ही सावकाश. पण आधी ते तासभर पालथं झोपवतात ना, त्या टेबलाला जरा मऊ गादी लावायला सांग कोणाला तरी. मेकॅनिकलचा कोणी मित्र नाही का तुझा?"